क्रियापद नसलेल्या पाट्या
(तळेघर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्हाला प्रवासात एक खोड आहे. मंचरला पुणे-नाशिक रस्ता सोडला की खिडकीजवळची जागा धरायची आणि तळेघर येईपर्यंत रस्त्यावरचं जे जे लिहिलेलं दिसेल ते ते वाचायचं. गावाच्या पाट्या, कमानी, चौकातले फलक, कोनशिला, पुतळ्याखालचा मजकूर, सगळं. बरोबरचे लोक डुलक्या काढतात, आम्ही वाचतो. घरचे म्हणतात, तुम्हाला पुस्तकं पुरत नाहीत का? पुरतात. पण पुस्तक बाजारात आलं की त्याचं परीक्षण कुठंतरी छापून येतं. कादंबरी फसली तर फसली असं म्हणणारा कुणीतरी भेटतो. पाटी लागली की मात्र तिला हार घालतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तिचं परीक्षण कुणी करत नाही. आणि गंमत बघा, पुस्तक वाचणारे हजार-दोन हजार, तर भीमाशंकरच्या या रस्त्यावरची पाटी श्रावणातल्या एका सोमवारी त्याहून किती तरी जास्त लोकांच्या डोळ्यांखालून जाते.

म्हणून आज आम्ही पाट्यांचं परीक्षण करणार आहोत. भावना दुखवायची इच्छा नाही. पण परीक्षण म्हटलं की बरं आणि वाईट दोन्ही बोलावं लागतं, त्याला इलाज नाही.

आमची तक्रार एका ओळीत सांगतो आणि मग दाखले देतो. इतिहास सांगणाऱ्या आमच्या पाट्यांना क्रियापद नसतं.

डोळ्यांसमोर आणा. 'वीरांची भूमी.' 'क्रांतिवीर अमुक चौक.' 'हुतात्मा तमुक प्रवेशद्वार.' 'आद्य क्रांतिकारक… यांना विनम्र अभिवादन.' यात नाव आहे, विशेषण आहे, बहुतेक वेळा दोन-तीन विशेषणं आहेत. पण त्या माणसानं काय केलं? कुठं केलं? कोणी त्याला काय केलं? गेला, आला, लढला, पकडला, मारला, यातला एकही शब्द नाही.

आता इथं थोडं शास्त्र येऊ द्या. धंदाच तो होता आमचा, सुटत नाही. 'देवदत्त गावाला जातो' या वाक्यातून जो अर्थबोध होतो त्यात मुख्य काय, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद चालला. वैयाकरण म्हणाले, जाण्याची क्रिया मुख्य. देवदत्त आणि गाव तिला चिकटलेले. मीमांसक म्हणाले, क्रियेमागची जी भावना, म्हणजे काहीतरी घडवून आणण्याचा व्यापार, ती मुख्य. नैयायिक म्हणाले, छे, मुख्य देवदत्तच. जाणं हे त्याचं विशेषण. आमच्याकडचे पाट्या रंगवणारे आणि त्या रंगवून घेणारे हे सगळे कट्टर नैयायिक असावेत, अशी आम्हाला दाट शंका आहे. देवदत्त त्यांनी ठेवला. फक्त नैयायिकांनी जाणं टाकून दिलं नव्हतं, एवढाच फरक.

हा नुसता व्याकरणाचा किरकिरेपणा नाही. 'अभिवादन' हे खरं किंवा खोटं असू शकत नाही. 'या माणसानं या ठिकाणी हे केलं' हे मात्र खरं किंवा खोटं असू शकतं. कुणी म्हणू शकतं, चुकलं, तो इथं नव्हता, तिथं होता. कुणी म्हणू शकतं, अर्धंच सांगितलंत. म्हणजे क्रियापद आलं की जबाबदारी आली. आणि आमचा संशय असा आहे की ती नको म्हणूनच ते गाळलं जातं. वंदन केलं की सुटलो.

याला एक अपवाद आहे, तो मोठा मासलेवाईक आहे. कोनशिला वाचा. तिच्यावर तारीख असते, वार असतो, नावं असतात, आणि शेवटी 'उद्घाटन समारंभ संपन्न झाला' असं चक्क क्रियापद असतं. रस्त्याकडेच्या दगडावर तारीखवार नोंदलेली एकमेव ऐतिहासिक घटना म्हणजे त्या दगडाचं स्वतःचं उद्घाटन! ज्याच्यासाठी स्मारक, त्याच्या नावापेक्षा 'शुभहस्ते'खालच्या नावाची अक्षरं मोठी, हे तर तुम्ही आम्ही सगळेच बघतो.

तुमच्या तालुक्यातलं सगळ्यात मोठं स्मारक कुठलं? आकारानं म्हणतोय. डिंभे धरण. सरकारी कागदांत आणि बातम्यांत त्याला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. गरीब शेतकऱ्याचं पोर, मुंबईला गेलं, गिरणीत लागलं. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापड भरलेला ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तात निघाला, तेव्हा ते त्याच्यापुढे आडवे झाले, आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय बावीस. या मी सांगितलेल्या चार वाक्यांत किती क्रियापदं आली मोजा. आता 'हुतात्मा बाबू गेनू सागर' यात मोजा.

जो माणूस धावत्या गाडीपुढे आडवा झाला, त्याचं नाव आपण धावत्या गाडीतून वाचतो आणि पुढं जातो. ते असो. यात आम्हाला जास्त टोचतं ते वेगळंच. त्या नावाखाली पाणी आहे आणि पाण्याखाली गावं आहेत. त्यातलं एक गाव म्हणजे आंबेगाव. तालुका आंबेगाव, त्याचं ठाणं घोडेगाव, आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव पाण्यात. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर या बुडालेल्या गावाचं नाव तुम्ही रोज लिहिता. एका अर्थी ही जगातली सगळ्यात जास्त वेळा लिहिली गेलेली स्मरणशिला म्हणायची, फक्त ती स्मरणशिला आहे हे लिहिणाऱ्याला आठवत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात, वर्तमानपत्रात फोटो येतात, लोक बघायला जातात. पाऊस आला की विषय संपला.

एका हुतात्म्याचं नाव दिलं की त्या पाण्याबद्दल बाकी काही विचारायचं राहत नाही, असं झालंय का, हा आमचा प्रश्न आहे. बाबू गेनूंचा यात काय दोष? त्यांनी तर धरण पाहिलंही नाही. त्यांच्या नावाचा मान राखावाच. पण कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी ज्यांची शेतं भिजली त्यांनाही हे कळायला हवं की पाणी कुणाच्या घरावरून येतंय. एका नावानं दोन इतिहास झाकले: बाबू गेनूंचा, कारण तो मुंबईत घडला आणि इथं फक्त नाव आलं, आणि आंबेगावचा, कारण तो इथंच घडला आणि त्याला नावच दुसऱ्याचं मिळालं.

ठिकाणांना नाव देण्याचं असंच होतं. खेडचं राजगुरुनगर झालं. २३ मार्च १९३१ ला लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर फासावर गेलेल्या राजगुरूंचं ते गाव; नाव द्यायलाच हवं होतं. पण "राजगुरुनगरला कांदा काय भावानं गेला?" असं विचारताना कुणाला फास आठवतो? नाव वापरात आलं की गुळगुळीत होतं, पैशावरच्या राजाच्या तोंडासारखं. आणि निम्मे लोक अजून खेडच म्हणतात.

आता जरा मागे जाऊ या, कारण आमच्या लोकांना क्रियापद कधीच जमलं नव्हतं असा गैरसमज व्हायला नको.

जुन्नर-आंबेगावकडच्या कितीतरी जुन्या देवळांपाशी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, कधी शेजारी गाई. त्याच्यावर लढाई. त्याच्यावर अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो पिंडीपुढे बसलाय, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. म्हणजे बघा, नाव नाही, पण काय झालं ते खालून वर क्रमानं सांगितलंय. गुरं वळवून नेली, हा आडवा गेला, लढला, मेला, वर गेला. नुसती क्रियापदंच क्रियापदं, आणि कर्ता गहाळ! आजच्या पाटीच्या बरोबर उलट. लोकांनी त्या दगडाला पुढं शेंदूर लावला आणि त्याचा देव केला, मग तर गोष्टही बुजली. पण कोरणाऱ्यानं त्याचं काम केलं होतं.

त्याहून मागे, तुमच्या उत्तरेला, जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. बरेचजण ट्रेकला जाऊन आला असाल. तिथल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. आज मूर्ती गेल्यात. पायांच्या खुणा आणि वर नावं, मधला माणूस नाही. आमच्या पाट्यांचं याहून चांगलं चित्र आम्हाला काढता आलं नसतं.

पण बाजूच्या भिंती वाचा. तिथं राणीचा मोठा लेख आहे. कुठला यज्ञ केला आणि दक्षिणा काय दिली याची यादी. 'दिना' म्हणजे दिली, हे क्रियापद तिथं पुन्हा पुन्हा येतं, आणि त्याच्यापुढे आकडे: बारा गाई, एक घोडा, असं. भारतातले फार जुने अंक त्या भिंतीवर आहेत, म्हणून गणिताचे अभ्यासकही तिथं येतात. तुम्ही म्हणाल राजाची बढाई. असेल. पण बढाईसुद्धा आकड्यात मारली आहे, म्हणजे तपासता येईल अशी मारली आहे. याच घाटात दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण म्हणून प्रत्येक वाटाड्या सांगतो, आणि ते सांगणं एवढं चिकट आहे की भिंतीवरचा यज्ञांचा आणि दक्षिणेचा खरा हिशेब कुणी विचारत नाही. व्यापारी वाटेवर जकात घेत असणारच, त्याबद्दल वाद नाही. पण जे लिहिलंय ते सोडून जे लिहिलेलं नाही तेच आपण सांगतो, याला काय म्हणावं?

आता तुमच्या घरातला विषय. जांभोरी इथून काही लांब नाही. तिथले होनाजी भागोजी केंगले. इंग्रजांच्या पुणे जिल्हा गॅझेटियरात ते 'होन्या' आहेत. १८७३ पासून त्यांनी टोळी उभी करून सावकारांवर धाडी घातल्या, काहींची नाकं कापली. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले त्याच्या आधीपासून हे इकडं डोंगरात चालू होतं. सरकारनं बक्षीस लावलं, आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्यांना पकडलं. ही नोंद कुणाची? पकडणाऱ्यांची. तिला दरोडेखोर म्हणायचंय, म्हणून तिची विशेषणं आपल्याला मान्य नाहीत. पण क्रियापदं तिच्यात आहेत! काय केलं, कधी केलं, कुणी पकडलं. आज होनाजींच्या नावापुढे आपण क्रांतिवीर लावतो, ते योग्यच आहे. पण लावून झाल्यावर सावकार, गहाणखत, व्याज, जप्ती, यातलं काहीच पाटीवर येत नाही. मग पोरगा विचारतो, "हे कशाविरुद्ध क्रांतिवीर?" आणि बाप म्हणतो, "इंग्रजांविरुद्ध." एवढंच. सावकार अलगद सुटला.

शत्रूच्या बक्षिसाच्या जाहिरातीत जेवढी माहिती असते तेवढीसुद्धा आमच्या स्मारकात नसावी, याची आम्हाला लाज वाटते.

आणि ते 'आद्य'! उमाजी नाईक, ज्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली, ते आद्य क्रांतिवीर. राघोजी भांगरे, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी, ते आद्य क्रांतिवीर. वासुदेव बळवंत फडके, १८७९ चं बंड, ते आद्य क्रांतिकारक. तिघेही आपापल्या चौकात आद्य. आता तर्कशास्त्र असं सांगतं की पहिला एकच असतो. पण प्रश्न तर्कशास्त्राचा नाहीच. 'आद्य' ही माहिती नसून मान आहे, पंगतीतलं पहिलं पान. आणि एकदा पानासाठी भांडण लागलं की जेवण काय होतं हे कुणाला आठवत नाही. या तिघांची बंडं वेगवेगळ्या कारणांनी झाली, वेगवेगळ्या लोकांना घेऊन झाली. ती कारणं सांगितली असती तर तिघांनाही जागा झाली असती.

तुम्ही म्हणाल, म्हातारा नुसता नावं ठेवतोय. स्वतः एक पाटी लिहून दाखवा म्हणावं. लिहिली होती. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तालुक्यात, गाव सांगत नाही. १९४२ च्या लढ्यातल्या एका माणसाचं स्मारक होत होतं. समितीनं आमच्याकडून मजकूर मागितला. आम्ही नऊ ओळी लिहून दिल्या. उद्घाटनाला गेलो तर दगडावर नाव, 'विनम्र अभिवादन' आणि खाली सतरा देणगीदार. आम्ही चहा न घेता परत आलो. बरीच वर्षं ती गोष्ट आम्ही वर्गात सांगत होतो, समितीला हसत होतो. मागं कागद आवरताना आमचा तो मूळ मसुदा सापडला. पहिलं वाक्य मोजलं, एकतीस शब्दांचं निघालं. 'पारतंत्र्याच्या काळोख्या निशेत' अशी सुरुवात. त्या माणसानं तार कापली होती, ही गोष्ट सातव्या ओळीत. बरं झालं कापला तो मजकूर! त्यांनी काय ठेवलं याच्याशी आमचं भांडण आजही आहे. पण कापण्यासारखं आम्हीच लिहिलं होतं.

ही कला दुसरीकडं लोकांना कशी जमली? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९२७ पासून रस्त्याकडेला इतिहासाचे फलक लावत आलेत. तिथंही काही फलकांनी गुलामांबद्दल सोयीस्कर मौन पाळलं, आणि त्यावर पुढं वाद झाले, पण वाद होऊ शकले ते फलकांवर वाक्यं होती म्हणून. जर्मनीत गुंटर डेम्निग नावाच्या कलावंतानं फुटपाथात हाताच्या पंजाएवढे पितळी दगड बसवायला सुरुवात केली. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या शेवटच्या घरासमोर. मजकूर किती? 'इथं राहत होता', नाव, जन्मसाल, अमुक साली नेलं, अमुक ठिकाणी ठार केलं. विशेषण एकही नाही. महान नाही, वीर नाही, थोर नाही. युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड झाले. 'ठार केलं' हे दोन अक्षरांवर दोन अक्षरं एवढंसं क्रियापद, पण ते वाचलं की लगेच प्रश्न येतो: कुणी?

आपल्याच जिल्ह्यात भीमा कोरेगावचा स्तंभ बघा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. बांधला कंपनी सरकारनं, आपल्या फत्तेची शेखी म्हणून. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली, आणि त्यात 'नाक' या शेवटाची नावं होती. पुढं ती नावं ज्यांनी वाचली त्यांना त्यात आपले पूर्वज दिसले. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले आणि कंपनीच्या दगडाचा अर्थ कंपनीच्या हातून गेला. नुसत्या नावांतही दम असतो तो असा, हे आम्ही मान्य करतो. पण तिथं लढाई कुठली, कधी, कोण पडलं हे दगडानं सांगितलं होतं, म्हणून तर पुढच्यांना ते उलटून वाचता आलं.

आणि सिद्धगड. भीमाशंकरच्या डोंगराखाली, कोकणच्या अंगाला. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. दर वर्षी त्या दिवशी लोक अंधारात चालत जाऊन पहाटे तिथं जमतात. जिथं घडलं तिथंच, जेव्हा घडलं तेव्हाच. तिथं क्रियापद पाटीवर आहे की नाही याला फारसं महत्त्व नाही. ते लोकांच्या पायात आहे. १९८० नंतर शासनानं महाराष्ट्रभर दोनशेहून जास्त हुतात्मा स्मारकं बांधली, त्यांतल्या किती ठिकाणी कुणी असं चालत जातं, ते आपापल्या गावचं आठवून बघा.

भीमाशंकरच्या देवळातल्या घंटेबद्दल एकच वाक्य बोलतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथल्या चर्चची ती घंटा, तिच्यावर अजून क्रूस आहे. आणि खाली उभा राहणारा भाविक फक्त घंटा बघतो.

आता माळीण. याच्याबद्दल बोलायला आम्हाला जड जातं, आणि तुमच्यातल्या काहींना ऐकायलाही जाईल. पण तळेघरला येऊन स्मारकांवर बोलायचं आणि माळीण टाळायचं, हे शोभणार नाही.

३० जुलै २०१४ ची सकाळ. डोंगर आला आणि गाव गेलं. जगाला कुणी सांगितलं? एसटीच्या ड्रायव्हरनं. नेहमीच्या फेरीला आला, आणि जिथं गाव असायला हवं तिथं चिखल. आम्हाला विचाराल तर त्या घटनेवरचं पहिलं वाक्य त्या ड्रायव्हरचं. गाव दिसत नाही! कर्ता, क्रिया, सगळं आहे त्यात. १५१ माणसं गेली. वाचलेल्यांचं पुनर्वसन आमड्याला झालं, २ एप्रिल २०१७ ला नवी घरं त्यांच्या हवाली झाली. जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे, नावं आहेत, आणि त्यांच्या आठवणीला झाडं लावली आहेत.

ती नावं आम्ही उभ्यानं वाचली. एकाच आडनावाची नावं ओळीनं येतात. मग दुसरं आडनाव. तिथं आमचा सगळा सिद्धांत आम्ही खिशात घातला. इथं क्रियापद मागणं उद्धटपणाचं वाटलं. ज्याचं घरच्या घर गेलं त्याला नाव पुरे असतं, आणि त्याला झाडाला पाणी घालायचं असतं. दुःखाला वाक्य लागत नाही.

पण परतीच्या वाटेवर पुन्हा विचार आला. हा स्तंभ फक्त त्यांच्यासाठी नाही. पन्नास वर्षांनी तिथं जो येईल त्याला ती नावं कुणाचीच नसतील. त्याला कळायला हवं की इथं काय झालं आणि का झालं. 'का' वर त्या वेळी पुष्कळ बोललं गेलं. अतिवृष्टी हे कारण सांगितलं गेलं, पाऊस झाला होताच. पडकईकडंही बोट दाखवलं गेलं. तुम्हाला पडकई सांगायला नको. उतारावर बांध घालून, माती अडवून, चार घरांनी मिळून हातानं भातखाचर करायचं, हे इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. तेव्हा इथलेच लोक म्हणाले, पडकई हातानं होते. डोंगराला यंत्र लावलं ती पडकई नव्हे. म्हणजे 'पडकई केली' आणि 'यंत्र लावलं' या दोन क्रियापदांतच सगळा वाद आहे. एकाचा कर्ता आदिवासी शेतकरी, दुसऱ्याचा कर्ता वेगळा. आणि 'निसर्गाचा कोप झाला' म्हटलं की दोघेही सुटतात आणि फक्त डोंगर उरतो. त्या वादाचा निकाल लावायला आम्ही भूवैज्ञानिक नाही. पण उतारावर राहणाऱ्या प्रत्येक वाडीच्या दृष्टीनं तो वाद जिवंत आहे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणि त्याच्या पुढच्याही. स्तंभापासून थोडं अंतर सोडून, नावांना धक्का न लावता, चार वाक्यांचा वेगळा फलक का असू नये? किती पाऊस पडला. डोंगरावर आधी काय काय झालं होतं. भेगा दिसल्या तर काय करायचं. एवढंच.

शेवटचं सांगतो आणि बसतो. येताना पोखरी घाट चढून गाडी थांबवली होती. तिथून धरणाचं पाणी दिसतं, फार सुंदर दिसतं, लोक तिथं उतरून फोटो काढतात. आमच्या मनात आलं, पाटी लागायची तर इथं. खिशातून कागद काढून लिहायला लागलो, या वेळी एकतीस शब्दांचं वाक्य होणार नाही ही खबरदारी घेऊन. लिहिलं: 'समोरच्या पाण्याखाली आंबेगाव आहे. धरण झाले तेव्हा गावातले लोक उठले आणि दुसरीकडे गेले.' तळेघरात आल्यावर जिथं चहा घेतला तिथं एक आजी बसल्या होत्या, त्यांचं माहेर त्या पाण्यातलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाल्या, "बाबा, पहिलं बराबर हाय. दुसरं चुकलं. उठले नाय. उठावले."

चाळीस वर्षं प्रयोजक क्रियापद शिकवलेला माणूस आम्ही. काही बोललो नाही. खोडलं आणि 'उठवले' लिहिलं. मग आजींनी विचारलं, "आन् देवाचं? देव बी उठावले की." तेही लिहिलं.

तो कागद आम्ही आणलाय. आत्ता त्यावर तीन वाक्यं आहेत. पाठीमागच्या रांगेपासून तो फिरवा. ज्यांचं घर, माहेर, शेत त्या पाण्यात आहे त्यांनी आपल्या वाडीचं नाव आणि तिथून कुठं आलात ते खाली लिहा. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांनी शेजारच्या पोराला सांगा, त्यानं जसं सांगितलं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. पेन आहे का कुणाकडे? आमचं मघाशी चहाच्या टपरीवर राहिलं वाटतं.